जुन्या नाण्याची किंमत विचारण्याआधी त्याची 'ग्रेड' ओळखायला शिका

नाण्यांवरचा व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, आमच्याकडे राणीछाप रुपया आहे, किती मिळतील?" या प्रश्नाला माझं उत्तर नेहमी एकच असतं: नाणं कोणत्या अवस्थेत आहे ते आधी सांगा. एकाच सालचे, एकाच टांकसाळीत पाडलेले दोन रुपये घ्या. एक फक्त चांदीच्या भावाला जातो आणि दुसऱ्यासाठी संग्राहक त्याच्या कितीतरी पट मोजतो. दोघांचं वय सारखंच आहे. फरक अवस्थेचा आहे, आणि त्या अवस्थेला बाजारात ग्रेड म्हणतात.

व्हिडिओत नाणं हातात धरून दाखवता येतं, पण आकडे आणि बारकावे पटकन निघून जातात. म्हणून हा लेख सविस्तर लिहितोय. उदाहरणासाठी आपण ब्रिटिशकालीन चांदीचा रुपया घेऊ. महाराष्ट्रात देवघरात, लक्ष्मीपूजनाच्या ताटात, आजीच्या डब्यात सगळ्यात जास्त सापडतो तो हाच.

आधी तळाची किंमत काढा.

कुठल्याही मालाची मी आधी तळाची किंमत काढतो, म्हणजे काहीही झालं तरी ज्याच्या खाली विकायचं नाही तो आकडा. चांदीच्या रुपयात हे सोपं आहे. 1835 पासून 1939 पर्यंतचा नेहमीचा रुपया 11.66 ग्रॅमचा. हाच आपला जुना तोळा बरं का! आज सराफाकडे तोळा म्हटलं की सरळ 10 ग्रॅम धरतात, पण मूळ तोळा म्हणजे एका रुपयाचं वजन. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे साधारण 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी. 1940 मध्ये सरकारने चांदी निम्म्यावर आणली आणि बाकी तांबं, निकेल, जस्त घातलं. वजन तेच राहिलं, पण शुद्ध चांदी फक्त 5.83 ग्रॅम उरली. 1945 पर्यंतचे रुपये असे आहेत. 1947 चा वाघाचं चित्र असलेला रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी अजिबात नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे साल बघणे. 1939 किंवा त्याआधीचे एका बाजूला, 1940 ते 45 चे दुसऱ्या बाजूला, 1947 चे वेगळे.

हे किती महत्त्वाचं आहे ते सांगतो. आमच्या उद्योजकता वर्गात एक ताई येत होत्या, घरून डबे पुरवायचा धंदा. मोठा ग्राइंडर घ्यायचा होता आणि डाउन पेमेंटला पैसे कमी पडत होते. सासूबाईंनी दिलेले 32 रुपये त्यांच्याकडे होते. त्यांच्या गावातल्या एका सराफाने सगळे एकत्र काट्यावर टाकले आणि सांगितलं, "हे निम्म्या चांदीचे असतात." ताई द्यायला तयारही झाल्या होत्या. वर्गात आम्ही साल बघून वेगळे केले तेव्हा 19 रुपये 1940 च्या पुढचे निघाले, तिथे सराफाचं म्हणणं बरोबर होतं. पण 13 रुपये जुने, जास्त चांदीचे होते. प्रत्येकी 4.86 ग्रॅमचा फरक, म्हणजे तेरा रुपयांत 63 ग्रॅमच्या वर शुद्ध चांदी त्या फुकट देणार होत्या! अजून ग्रेडचा विषय सुरूही झाला नव्हता.

या तेरा रुपयांकडे आपण पुढे परत येऊ.

आता मुख्य मुद्दा: झीज कशी वाचायची.

ग्रेड म्हणजे नाणं टांकसाळीतून निघालं तेव्हा जसं होतं, त्यातलं आज किती शिल्लक आहे याचा अंदाज. आपल्याकडचे डीलर साधारण या पायऱ्या वापरतात: फाइन, व्हेरी फाइन म्हणजे व्हीएफ, एक्स्ट्रीमली फाइन म्हणजे इएफ किंवा एक्सएफ, मग अबाउट अनसर्क्युलेटेड म्हणजे एयू आणि सगळ्यात वर अनसर्क्युलेटेड, म्हणजे कधीच वापरात न आलेलं. एक गंमत लक्षात ठेवा. 'फाइन' हा शब्द ऐकून ग्राहक खूश होतो, पण नाण्यांच्या भाषेत फाइन म्हणजे चांगलंच झिजलेलं नाणं. त्याखाली गुड आणि फेअर येतात, आणि 'गुड' नाण्यावर बऱ्याचदा राजाचा चेहरा नुसता सपाट ठसा झालेला असतो.

आकड्यांची पद्धतही आहे, 1 ते 70. ती 1949 मध्ये विल्यम शेल्डन यांनी अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली. मूळ कल्पना अशी की 70 ग्रेडचं नाणं 1 ग्रेडच्या नाण्याच्या सत्तर पट किमतीचं. किमतीचं ते गणित कधीच मोडलं, आकडे मात्र राहिले. 40 आणि 45 म्हणजे इएफ, 50 ते 58 एयू, 60 च्या पुढे अनसर्क्युलेटेड.

पण हे शब्द पाठ करून काही होत नाही. नाण्यावर बघायचं कुठे, हे कळलं पाहिजे. सोपा नियम: जो भाग सगळ्यात उंच, तो सगळ्यात आधी झिजतो. खिशात, गल्ल्यात, हातात नाणं घासतं ते उंचवट्यावर.

राणीछाप रुपयावर बघायचं राणीच्या कानाजवळचे केस, गाल, मुकुटाची बारीक नक्षी आणि अंगावरच्या कपड्यावरची वेलबुट्टी. वेलबुट्टीची प्रत्येक रेघ सुटी दिसत असेल तर इएफच्या आसपास समजा. नक्षी आहे हे कळतं पण रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत, तर व्हीएफ. कपडा जवळजवळ सपाट झालाय आणि अक्षरं तेवढी नीट आहेत, तर फाइन. सातव्या एडवर्डच्या रुपयावर, म्हणजे 1903 ते 1910, मुकुट नाही, डोकं उघडं आहे. तिथे कानावरचे केस, भुवई आणि दाढी बघा. या राजाचे केस इतक्या लवकर झिजतात की कान स्वच्छ आणि केस सुटे दिसणारा रुपया मिळाला तर तो बाजूला काढून ठेवा.

पंचम जॉर्जच्या रुपयावर मुकुट आणि झग्याची नक्षी बघायची, आणि झग्यावरचा छोटा हत्तीसुद्धा. या हत्तीची गोष्ट संग्राहकांना तोंडपाठ असते. 1911 च्या रुपयावर त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. त्यावरून ओरड झाली, बरीचशी नाणी वितळवली गेली आणि 1912 पासून हत्ती सुधारून काढला. म्हणून 1911 च्या रुपयाला आजही 'पिग रुपी' म्हणतात आणि इतर सालांपेक्षा मागणी जास्त असते.

बघताना एकच दिवा ठेवा, ट्यूबलाइट बंद. सोनाराकडे असतो तसा 10 पट मोठं दाखवणारा लूप पुरेसा आहे. नाणं कडेने धरा, छापावर बोट लावायचं नाही, आणि खाली मऊ कापड अंथरा. मग दिव्याखाली नाणं हळूहळू तिरकं फिरवा. कधीच न वापरलेल्या नाण्यावर प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. साच्याच्या दाबाने धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या अगदी बारीक रेषांमुळे ही चमक येते. फिरताना गालावर किंवा केसांवर ती तुटली आणि तेवढाच भाग करडा, मंद दिसला, तर नाणं वापरलेलं आहे. एयू आणि अनसर्क्युलेटेडमधला फरक इथेच कळतो, आणि किमतीत हा फरक मोठा असतो.

नवीन माणसाचा इथे एक गोंधळ होतो. कधी कधी मधला भाग सपाट दिसतो पण चमक सगळीकडे अखंड असते. ती झीज नसते. साचा नीट दाबला गेला नाही म्हणून छाप कच्चा उठलाय. कच्च्या छापाचीही किंमत कमी होते, पण त्याला 'झिजलेलं' म्हणून कोणी फाइनच्या भावात मागत असेल तर देऊ नका.

आता सगळ्यात दुखरी नस, म्हणजे दिवाळीची घासणी.

आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीचे रुपये निघतात. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर, जे हाताला लागेल त्याने ते लख्ख केले जातात. देवासाठी भावना अगदी योग्य आहे. पण संग्राहक ज्या मूळ पृष्ठभागाचे पैसे देतो तो तुम्ही दरवर्षी थोडा थोडा खरवडून काढत असता. घासलेल्या नाण्यावर लुपाखाली एकाच दिशेने जाणाऱ्या केसाएवढ्या रेघा दिसतात आणि चमक आरशासारखी, मेलेली असते, फिरत नाही. एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या असं नाणं पाकिटात बंद करून देतात, पण त्याला आकडा देत नाहीत, नुसतं 'डिटेल्स' लिहितात. म्हणजे नक्षी इएफची असली तरी भाव इएफचा नाही.

काळसर, निळसर झाक आलेली चांदी खराब झालेली नसते. हवेतल्या गंधकाने आलेला तो थर आहे. तो अगदी एकसारखा, रंगीत आला असेल तर उलट जास्त पैसे देणारे लोक आहेत. माझं सांगणं एवढंच: पूजेचे चार रुपये वेगळे ठेवा, त्यांना हवं तितकं घासा, बाकीच्यांना हात लावू नका.

घासण्यासारखंच दुसरं नुकसान म्हणजे कडी. पूर्वी रुपयांना डाग देऊन कडी लावायचे आणि माळेत ओवायचे. कडी काढली तरी मुकुटाच्या वर, कडेला डागाची खूण राहते, कधी तिथे पांढुरका लेप दिसतो. कड नेहमी पूर्ण फिरवून बघा. ताईंच्या तेरा रुपयांत एक 1911 चा होता, छाप चांगला व्हीएफ, सगळे खूश झाले. कड फिरवली तर डाग! संग्राहकाच्या दृष्टीने किंमत पार खाली आली. पण 1907 चा एक रुपया पूजेत कधी गेलाच नसावा, कारण एडवर्डचे केस जसेच्या तसे होते आणि चमक फिरत होती. ताईंना तो 'काळा पडलाय' म्हणून सगळ्यात टाकाऊ वाटत होता आणि विकायच्या आधी सगळे रुपये पॉलिश करून घ्यायचा त्यांचा विचार होता. वेळेवर वर्गात आणले म्हणून वाचला.

नाणं खरं आहे का, हे ग्रेडच्या आधी बघायचं की नंतर? माझ्या मते झीज बघतानाच बघा, कारण डोळा तिथेच असतो. साच्यात ओतून केलेल्या नकली नाण्याची अक्षरं साबणावर कोरल्यासारखी बोथट असतात, मोकळ्या जागेत बारीक खड्डे असतात आणि कडेवर कधी जोडाची रेघ दिसते. महागड्या सालांत आणखी एक प्रकार चालतो, आकडा बदलण्याचा. चांदीचा 1939 चा रुपया फार दुर्मिळ आहे, म्हणून दुसऱ्या सालच्या रुपयाचा शेवटचा आकडा कोरून 9 करतात. आकड्याभोवतीची जागा लुपाखाली बघा, रंग किंवा पोत वेगळा दिसला की थांबा.

लोहचुंबकावर फार विसंबू नका. चांदी चिकटत नाही हे खरं, पण पितळ आणि जर्मन सिल्व्हरही साधारणपणे चिकटत नाही. उलट 1947 चा खरा निकेलचा रुपया चिकटतो, आणि लोक तो नकली समजून फेकतात!

घरी करता येईल अशी चांगली चाचणी पाण्याची. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या. आधी नाणं कोरडं मोजा. झीज धरून 11.4 ते 11.66 ग्रॅम यायला हवं. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबतं धरा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका, बुडबुडा चिकटला असेल तर झटका. 1939 पर्यंतच्या खऱ्या रुपयाला काट्यावर साधारण 1.13 दिसेल. निम्म्या चांदीच्या रुपयाला 1.22 च्या आसपास, पितळ किंवा जर्मन सिल्व्हरला 1.33 च्या पुढे. नंतर नाणं पुसायचं नाही, मऊ कापडावर ठेवून पाणी टिपून घ्यायचं.

अवस्था कळली, खरेपणा कळला, मग येते दुर्मिळता. इथे साल आणि टांकसाळ दोन्ही लागतात. एडवर्डच्या काळात मुंबईच्या रुपयावर बारीक 'बी' अक्षर असतं, पंचम जॉर्जच्या काळात बारीक ठिपका, आणि कलकत्त्याच्या रुपयावर कोणतीच खूण नसते. 1862 साल लिहिलेले रुपये तर पुढे 1874 पर्यंत पाडले गेले, आणि मुंबई टांकसाळीने खरं वर्ष ओळखायला ठिपके दिले. त्यामुळे '1862 चा रुपया' एवढं सांगून काहीच कळत नाही, ठिपके मोजावे लागतात. बाकी बहुतेक रुपये कोट्यवधींनी पाडले गेलेत. जुने आहेत, पण दुर्मिळ नाहीत.

शिवराईला मात्र हे सगळं जसंच्या तसं लावू नका. ती हाताने ठोकलेली आहे, यंत्राची नाही. तांब्याची चकती बऱ्याचदा साच्यापेक्षा लहान असायची, म्हणून एका बाजूचं 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूचं 'छत्र पति' पूर्ण बसलेलं नाणं कमी मिळतं. तिथे ग्रेड म्हणजे मुख्यतः किती अक्षरं पूर्ण आली, छाप मध्यावर आहे का आणि तांब्याचा थर शाबूत आहे का. चिंचेने लाल केलेली शिवराई बघून माझा जीव खालीवर होतो. मुघल आणि मराठा रुपयांवर सराफांनी चांदी तपासायला मारलेले छोटे ठसे असतात. तो इतिहासाचा भाग आहे, तरी संग्राहक बिनठशाच्या नाण्याला जास्त देतो.

आता धंद्याचं. भाव शोधताना लोक वेबसाइटवर विकणाऱ्याने टाकलेला आकडा बघतात. तो मागितलेला भाव झाला. तुम्हाला हवा मिळालेला भाव. नाण्यांचे लिलाव करणाऱ्या संस्था विक्री झाल्यावर अंतिम किमती जाहीर करतात. त्यात तुमचंच साल, तीच टांकसाळ आणि तीच ग्रेड शोधा, किमान तीन-चार व्यवहार बघा. खरेदीदाराने भरलेल्या रकमेत लिलावाचं शुल्क असतं आणि विकणाऱ्याकडूनही कमिशन कापलं जातं, ते वजा करा. डीलर यापेक्षा कमी देणार, कारण तो माल कधी विकला जाईल याची त्याला खात्री नसते. तो फरक वाजवी असेल तर त्यात फसवणूक नाही. दुकान चालवणाऱ्या कोणालाही हे पटेल.

प्रत्येक नाण्यासाठी वहीत एक ओळ करा: साल, टांकसाळ, वजन, तुम्ही लावलेली ग्रेड, दोष, तळाची किंमत, मिळालेले भाव. ग्रेड लावताना स्वतःच्या नाण्याला एक पायरी खालची द्या. आपलं नाणं प्रत्येकाला इएफच दिसतं! कंपनीकडून ग्रेडिंग करून घ्यायचं तर आधी शुल्क आणि कुरिअर विम्याचा खर्च मांडा. साध्या व्हीएफ रुपयाला तो परवडत नाही. आणि आधीच पाकिटबंद नाणं घेताना त्यावरचा नंबर कंपनीच्या साइटवर तपासा, नकली पाकिटंही फिरतात.

आता ते फोन. "वैष्णोदेवीचं 5 रुपयांचं नाणं आहे का? दहा लाख देतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा." ते नाणं 2012 चं आहे आणि भरपूर निघालंय. ताईंनाही असा फोन आला होता, समोरचा स्वतःला रिझर्व्ह बँकेचा माणूस म्हणत होता. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर निवेदन देऊन सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही आणि त्यासाठी कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागितले की फोन ठेवून द्या.

कायदाही माहीत हवा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं 'पुरावशेष' ठरतं. अशा वस्तूंच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. म्हणून अमेरिकेतल्या भाच्याच्या बॅगेत आजीचे राणीछाप रुपये भेट म्हणून टाकू नका. शेतात नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. ती मर्यादा दहा रुपयांच्या वरची आहे, म्हणजे व्यवहारात सगळंच आलं.

ठेवायचं कसं? स्वस्तातली मऊ प्लास्टिकची पाकिटं पीव्हीसीची असतात, काही वर्षांत नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. मायलरची पाकिटं किंवा पुठ्ठ्याचे होल्डर घ्या, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. कोकणात राहणाऱ्यांनी पुडी पावसाळ्याआधी बदलायचीच, तांब्याला दमट हवा लगेच बाधते.

ताईंनी शेवटी 19 रुपये चांदीच्या भावाने दुसऱ्या सराफाला दिले, साल दाखवून आणि समोर वजन करून. डागाचा 1911 आणि झिजलेले नऊ जुने रुपये पूर्ण चांदीच्या हिशेबाने त्यालाच गेले, आणि डाउन पेमेंट तेवढ्यात झालं. दोन बऱ्या ग्रेडचे रुपये आणि तो 1907 चा अजून त्यांच्याकडेच आहेत, होल्डरमध्ये.

पुढच्या व्हिडिओत तुमच्याच नाण्यांची ग्रेड लावून दाखवणार आहे. फोटो पाठवताना दोन्ही बाजू आणि कड, असे तीन फोटो पाठवा, फ्लॅश बंद ठेवून. आणि प्लीज, फोटो चांगला यावा म्हणून नाणं घासू नका!